ताईच्या चेहऱ्यावरचा उकाडा

एखाद्या मुलीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या बघून, तिने विचारलेलं नसताना, तिला उपाय सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

रागावू नका. दर वर्षी या दिवसांत हा प्रश्न माझ्या जिभेवर येतो आणि जो समोर असेल त्याला मी तो विचारते. गणपती गेले की नाशिकचा पाऊस थकतो. ढग जात नाहीत, नुसते डोक्यावर बसून राहतात. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही हाताला ओलसर लागतात. बरणीतल्या मिठाचा गोळा होतो, पापड सादळतात, वहीचं पान मनगटाला चिकटून वर येतं. ज्या नाशिकच्या हवेचं बाहेरून आलेले पाहुणे कौतुक करतात, ती हवा या दिवसांत रजेवर गेलेली असते. घाम येतो आणि वाळत नाही, एवढंच या ऋतूचं काम.

काल सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, सिग्नलला उभी होते. समोर दुचाक्यांची रांग होती आणि त्यांवर आमच्या गावच्या मुली, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून. नुसते डोळे उघडे. सिग्नल सुटायच्या आधी एकीने हनुवटीखालची कड दोन बोटांनी ओढली आणि आत जरा वारा घेतला. तेवढ्यात गालावरचं लालभडक पुरळ दिसलं. मी बघतेय हे तिला कळलं आणि कड पुन्हा आत गेली. हिरवा दिवा लागला, ती निघून गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण कड खोचायची ती घाई माझ्या ओळखीची होती.

माझी मोठी बहीण सुजाता, आमची ताई, मी कॉलेजात होते त्या वर्षी सिन्नरला डी.एड. करत होती. आम्ही नाशिकरोडला रेल्वे लाइनपलीकडच्या कॉलनीत राहायचो. बुद्धविहाराच्या मागची गल्ली, दोन खोल्या, पुढे ओटा. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पण त्यांचं खरं काम पाळी संपल्यावर सुरू व्हायचं. ते पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, कंत्राटी भरतीविरुद्ध. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावर छापलेली ती पत्रकं ओल्या शाईच्या वासासकट घरी यायची, आणि आम्ही बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. गोष्टीची पुस्तकं आमच्या घरात त्यांच्यानंतर आली. गोरेपणाच्या क्रीमवरही पप्पांचं एक पत्रक होतं. 'रंग हा गुन्हा नाही, मग माफी कसली मागता?' हे त्याचं पहिलं वाक्य मला मराठीच्या कवितांआधी पाठ झालं होतं. ते वाक्य मला आजही पटतं. टीव्हीवर ती सावळी मुलगी उदास आणि गोरी झाल्यावर नोकरीवाली दाखवतात, तेव्हा आजही माझ्या हातापायांची आग होते.

पण आमच्या घरात चेहऱ्याबद्दल बोलायला तेवढंच वाक्य होतं. रंगाविषयी आमची भूमिका ठरलेली होती. चेहरा दुखतो, खाजतो, ठणकतो, त्याविषयी आम्हाला काही म्हणता यायचं नाही. घरात आरसा म्हणजे पप्पांचा दाढीचा. तो खिडकीच्या गजाला त्यांच्या उंचीवर टांगलेला. ताई चवड्यांवर उभी राहायची तेव्हा तिला त्यात कपाळ दिसायचं, फार तर नाक. गाल दिसायचे नाहीत. आरशासमोर घालवलेला वेळ अभ्यासातून चोरलेला असतो, असं पप्पांचं मत. ते रागाने नव्हे, प्रेमाने सांगायचे, त्यामुळे भांडताही यायचं नाही.

त्या उकाड्यात ताईच्या गालांवर आधी बारीक पुरळ आलं. मग मोठ्या, आतून ठणकणाऱ्या पुटकुळ्या. सकाळी सिन्नरची एसटी, खिडकीतून येणारी हायवेची धूळ, म्हणून चेहऱ्याला स्कार्फ. स्कार्फ जॉर्जेटचा, निळा, तिच्या मैत्रिणीने दिलेला. वाटेतलं शिंदे-पळसे येईपर्यंत तो आतून ओला व्हायचा आणि सिन्नरपर्यंत ओलाच राहायचा. संध्याकाळी तो खुंटीवर, सकाळी पुन्हा तोंडावर.

आणि मग गल्ली बोलायला लागली. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट सांगितली. समोरच्या वहिनींनी लिंबू चोळायला लावलं, ते इतकं झोंबलं की ताई ओट्यावर येऊन वहीने वारा घेत बसली. सिन्नरची मावशी आली, ती म्हणाली की हिचं पोट साफ होत नसेल, आणि तेही जेवणाच्या पंगतीत, पप्पांच्या मित्रांसमोर. विहारात एक आजी ताईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवायच्या, बाजारातली वांगी बघावी तसा. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. हेतू चांगला असला की माणसं दार वाजवत नाहीत, थेट आत येतात.

सगळ्यांत जोर होता तो आईच्या हातात.

आई एका बालवाडीत मदतनीस होती. तिने कधी पत्रक लिहिलं नाही, पण तिचंही एक पत्रक होतं, न छापलेलं. स्वच्छता. आमच्या माना, कोपरं, घोटे ती वज्रीने घासायची, लाल होईपर्यंत. शाळेत कुणी बोट दाखवायला नको. हे कुठून आलं ते तिने एकदाच सांगितलं होतं. ती लहान असताना गावच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर नखं तपासली होती, तिच्या एकटीची. नखं स्वच्छ होती. तरी तिला हात धुऊन यायला पाठवलं. ती गेली, धुऊन आली, आणि मला वाटतं ती अजून धुतेच आहे.

त्यामुळे ताईच्या गालांवर जे आलं होतं ते आईला एकाच प्रकारे दिसलं. पोरगी रोज बसने जाते, धुळीत फिरते, मळ साचला. रोज सकाळी मोरीत पाटावर ताई, समोर आई. कढत पाणी, मसुरीच्या डाळीचं जाडसर पीठ, आणि गोल गोल फिरणारा आईचा तळहात. ताई डोळे मिटून बसायची. तिच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा तेवढं मला दारातून दिसायचं. मग आई चेहरा टॉवेलने खसाखसा पुसायची आणि म्हणायची, बघ, आता कसा निघाला. निघायचं ते वरचं कातडं. दुपारपर्यंत गाल भाजल्यासारखे व्हायचे आणि त्यांवर तो ओला जॉर्जेट.

कॉलेजजवळच्या मेडिकलवाल्याने ताईला एक ट्यूब दिली. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. बऱ्याच मुली नेतात, लावून बघा, म्हणाला. तिने घरी सांगितलं नाही. आठवडाभरात चेहरा असा निवळला की आईला वाटलं मसुरीला यश आलं. मग ट्यूब संपली, आणि थांबवली तसा चेहरा आधीपेक्षा दुप्पट पेटला. उन्हात गेलं की आग, चुलीपाशी गेलं की आग. ताई दप्तरात लपवलेली रिकामी ट्यूब काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत बसली होती, तेव्हाच पप्पा पाळीवरून आले.

ते ओरडले नाहीत. मला वाटलं ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्यूब हातात घेतली, उलटसुलट बघितली, ताईला जवळ घेऊन डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी चूक नाही बाळा. ही लोकं लुटतात आपल्याला." मग ते ओट्यावर जाऊन लिहायला बसले.

त्यांना दुसरं काही येत नव्हतं. कामगाराचं बोट मशिनमध्ये गेलं, ते पत्रक लिहीत. कुणाची सून जळाली, ते पत्रक लिहीत. लेकीचा चेहरा पेटला, त्यांनी पत्रक लिहिलं. या खेपेला घड्या घालायला आमच्याकडे आलं नाही, छापखान्यातून थेट वाटायला गेलं. चिठ्ठीशिवाय क्रीम विकणाऱ्यांविरुद्ध होतं ते, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. नाव नव्हतं. 'नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतली, सिन्नरला डी.एड. करणारी एक गुणी विद्यार्थिनी' एवढंच होतं. आमच्या वस्तीतून सिन्नरला डी.एड. करणारी मुलगी एकच होती.

ताईला ते एसटीत कळलं. शेजारी बसलेल्या बाईच्या हातात पिवळा कागद होता. बाई वाचत होती. वाचून झाल्यावर तिने कागदावरून मान वर केली, ताईच्या मांडीवरच्या डी.एड.च्या फायलीकडे बघितलं, आणि मग स्कार्फकडे. खूप मायेने बघितलं, ताई म्हणाली. ताई पुढच्या थांब्यावर उतरली, रस्ता ओलांडून परत येणाऱ्या गाडीत बसली आणि घरी आली.

संध्याकाळी पप्पा आल्यावर ती दारातच उभी होती.

"पप्पा, तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत. मला विचारलं नाहीत."

पप्पांचा डबा हातातच राहिला. आमच्या घरात एवढं लहान भाषण कधी झालं नव्हतं.

त्यानंतर ताई सिन्नरला गेली नाही. डी.एड.ला सराव पाठ असतात. शिकणाऱ्या बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांसमोर धडा घ्यायचा, मागे बाकावर कॉलेजचे सर बसून गुण देतात. ते पाठ झाले नाहीत तर वर्ष जातं. ताईचे पाठ चुकत चालले होते. मैत्रीण निरोप घेऊन आली की सर म्हणालेत, आता शेवटची संधी, सिन्नरच्या पुढच्या एका गावात, चौथीचा वर्ग. पाठाचा विषयही ठरलेला होता, आपली ज्ञानेंद्रिये, त्यातली त्वचा. ताई हसली. त्या दिवसांत ती एवढंच हसली. मग म्हणाली, "चाळीस पोरांपुढे तोंड उघडं टाकून त्वचा शिकवू? मला नाही व्हायचं बाई." मास्तरीण व्हायचं हे तिचं पहिलीपासूनचं. ओट्यावर खडूने रेघा मारून मला विद्यार्थी करून बसवायची ती. तीच म्हणत होती, मला नाही व्हायचं.

सरकारी दवाखान्यात तिला पप्पांनी नेलं, रजा टाकून. आई आणि मीही गेलो. त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या, घामाने त्यांचेही केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी ताईला स्कार्फ काढायला सांगितलं नाही. गार पाणी प्यायला दिलं आणि थांबल्या. मग ताईनेच तो काढला.

त्यांनी विचारलं, तोंड कशाने धुता? आईने अभिमानाने सांगितलं. कढत पाणी, मसूर, रोज, अगदी घासून. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. आईकडे खुर्ची वळवली.

"मावशी, हा मळ नाही."

आईला कळलं नाही. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कातडीला बारीक तोंडं असतात, रंध्रं. त्यातून आतलं तेल बाहेर येतं. या वयात ते तेल जास्त, या हवेत घाम वाळत नाही, वरून ओलं कापड. ते तोंड बंद होतं, आत सुजतं. घासलं की आणखी सुजतं. "चेहरा काही भांडं नाही घासायला. तुमची मुलगी स्वच्छच आहे. पहिल्यापासून स्वच्छ आहे."

पुढचं पप्पांनी मन लावून ऐकलं. सौम्य साबण, साधं पाणी, सकाळ-संध्याकाळ, आणि घाम आला की नुसतं पाणी. पुसायचं नाही, टिपायचं. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. फोडायचं नाही. स्कार्फ सुती, आणि रोज धुतलेला. मलम रात्री. ती स्टिरॉइडची ट्यूब पुन्हा कधीच नाही. बरं व्हायला महिने लागतील, घाई करायची नाही.

आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. आम्ही आलो तरी तिने वर बघितलं नाही. ती आपल्या नखांकडे बघत होती.

त्या दिवसापासून घर बदललं. मोरीतून वज्री गेली. सकाळी आई तांब्यात गार पाणी भरून मोरीच्या दाराशी ठेवायची आणि आत न जाता म्हणायची, ठेवलंय गं. पप्पांनी मलमलचं कापड आणून त्याचे स्कार्फ शिवून घेतले. संध्याकाळी पाळीवरून आले की ते डबा ठेवायचे, बाह्या सरसावायचे आणि ताईचा स्कार्फ धुवायला बसायचे. साबण कापडात राहिला तर तोही लागतो असं त्यांनी डॉक्टरांना खोदून विचारून घेतलं होतं, म्हणून पाणी बदलून बदलून. येणारेजाणारे बघायचे. फिटरच्या त्या काळ्या रेषा पडलेल्या बोटांत पांढरी मलमल. एका मित्राने टोमणा मारला, काय, पत्रकं सोडून लाँड्री काढली का? पप्पा म्हणाले, होय, हिचं वाटप करायचं नाही. एका रविवारी त्यांनी खिडकीच्या गजावरचा आरसा सोडवला आणि ताईच्या उंचीवर बांधला. स्वतः वाकून दाढी करायला लागले.

तरीही ती त्या गावी जाईल की नाही, हे आदल्या संध्याकाळपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. पुटकुळ्या कमी झाल्या नव्हत्या. फक्त आग थांबली होती. जेवताना ती मला म्हणाली, "बारके, येतेस का सोबत?" मला कॉलेज होतं. मी हो म्हटलं.

सिन्नरहून काळी-पिवळी जीप. माणसांवर माणसं, कोथिंबिरीची गाठोडी, आणि तो दमट उकाडा. शाळेपाशी उतरलो तेव्हा ताईचा स्कार्फ कपाळाला चिकटला होता. घाम आला की पाण्याने धुवायचं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. पाठाला अजून वेळ होता. तिने मुख्याध्यापकांना विचारलं, तोंड कुठे धुता येईल? त्यांनी साधेपणाने अंगणाकडे बोट केलं. शाळेला न्हाणीघर नव्हतं, मुलींना आडोसा नव्हता. अंगणाच्या मध्यभागी एक हापसा होता, आणि मधली सुट्टी झालेली, त्याच्याभोवती सगळी शाळा.

ताई व्हरांड्यात थांबली. मला वाटलं ती आता मागे वळेल आणि आम्ही जीपची वाट बघत बसू. तिचा हात गाठीवर होता. ती पायऱ्या उतरली, हापशापाशी गेली आणि गाठ सोडली.

मुलं वळून बघायला लागली. एका वेणीवाल्या मुलीने दांडा धरला आणि उड्या मारत हापसायला लागली. ताई ओणवी झाली, ओंजळीतलं पाणी तोंडावर घेतलं, पुन्हा घेतलं. पाणी तिच्या हनुवटीवरून कोपरांवर उतरत होतं. तिने रुमालाने चेहरा टिपला, दाबून दाबून, न घासता, आणि वर बघितलं.

वेणीवालीने विचारलं, "बाई, तोंडाला काय झालं तुमच्या?"

"पुटकुळ्या आल्यात."

"दुखत्यात का?"

"काही काही दुखतात."

मुलीने विचार केला. "आमच्या आक्कीला बी हायेत. ती भाईरच येत नाय. आई म्हनती, आंघोळ करत नसंल नीट."

ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. त्या मुलीचा ओला हात तिने हातात घेतला. "तिला सांग, ही घाण नाही. बाईंनी सांगितलंय म्हणावं."

पाठ चांगला झाला. मी व्हरांड्यात बसून ऐकला. ताईने फळ्यावर रंध्र काढलं, गोल, आत तेलाचा थेंब. या हवेत घाम का वाळत नाही हे मुलांना हात वर करायला लावून, हातावर फुंकर मारायला लावून शिकवलं. मध्ये एकदा तिने खडूचं बोट स्वतःच्या गालावर ठेवलं, हे बघा, इथे ते तोंड बंद झालंय, म्हणाली, आणि पुढे गेली. मागच्या बाकावर सर काहीतरी लिहीत होते. किती गुण दिले ते तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. राहिलेले पाठ घ्यायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मी नव्हते. संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना तिने सांगितलं ते हे.

आक्की आली होती. चौदा-पंधराची असेल, शाळा सुटलेली. कुंपणाशी उभी, ओढणी नाकापर्यंत. धाकटीने ओढत हापशापर्यंत आणलं. ताईने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. मुलांना वर्गात पिटाळलं. स्वतः दांडा धरला, हापसायला लागली, आणि तोंड रस्त्याकडे फिरवून उभी राहिली, मागून पाण्याचा आवाज थांबेपर्यंत.

ताई आज मास्तरीण आहे. गालांवर बारीक खड्डे आहेत, उकाडा आला की एखादी पुटकुळी अजूनही येते. त्यावर मी सुखाने लेख संपवू शकते, पण माझा संताप मला तसं करू देत नाही. त्या अंगणात सगळं नीट झालं ते मुलांच्या चांगुलपणामुळे. हसली असती एखादी, तर आमच्या घरातली मास्तरीण तिथेच संपली असती. पोरींची लाज राखायचं काम आपण पोरांच्या चांगुलपणावर किती वर्षं सोडून देणार? आणि ज्या गावात पाठ फिरवून उभी राहणारी बाई नाही, तिथल्या आक्कीने काय करायचं?

म्हणून माझं मागणं ऐका, आणि ते या आठवड्यातच करा. तुमच्या घराजवळच्या शाळेत जा. मुलींना आणि बाईंना कुणी बघत नसताना तोंड धुता येईल अशी जागा तिथे आहे का, ते डोळ्यांनी बघा. नळ सोडून बघा, पाणी येतं का. दार लावून बघा, आतून कडी लागते का. नसेल लागत तर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसा, ग्रामपंचायतीत नाहीतर महापालिकेत जा, आणि कडी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहा.